शेवटची बांधी

गोंदिया,
ता. १८ ऑगस्ट १९३६

प्रिय केवलराम यास शालीकरामाचा नमस्कार.

हे पत्र वाचण्याआधी हात धुऊन घे. आत तुझ्या लग्नाची गोष्ट आहे आणि तू नक्कीच पाटातल्या चिखलातून उठून आला असशील.

माझं मालधक्क्यावरचं काम बरं चाललं आहे. दिवसभर बिड्या, लाख आणि धान यांच्या पावत्या लिहितो आणि संध्याकाळी जेवताना हाताला शाईचा वास येतो. आमच्या धक्क्यावर रामलाल नावाचे हमालांचे जमादार आहेत. तुझ्या वडिलांसारखेच छत्तीसगढहून रेल्वेच्या छोट्या लाइनीच्या मातीकामावर आले आणि इथलेच झाले. जातीनंही तुमचेच. त्यांची मुलगी रुख्मा. जन्मली इथेच, चार बुकं इथल्याच शाळेत शिकली. घरात छत्तीसगढी बोलते, गल्लीत हिंदी आणि भांडायचं असलं की मराठी. परवा मी त्यांच्याकडे चीला खाल्ला आणि खाता खाता तुझं नाव काढलं.

मी काही कमी सांगितलं नाही. म्हटलं, नवेगावच्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, पाणी सोडायचं तोंड आहे, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते तुडूम केवलरामच्या हातात आहे. तो गावाचा पाणकर. त्यानं सोडल्याशिवाय एकाही बांधीत, धानाच्या एकाही शेतात, पाणी जात नाही, मग ती मालगुजाराची का असेना. रामलाल जमादार ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वो तो गांव का पानी हुआ. उसका अपना क्या है? एक बांधी भी अपनी नहीं, तो मेरी लडकी खडी कहां रहेगी?"

मी म्हटलं, दिवाळीनंतरच्या जत्रेपर्यंत, मंडईपर्यंत, बांधी होऊन जाईल.

रुख्मानं आतून एकच प्रश्न विचारला. तो मी आता सांगणार नाही. आधी हो म्हण.

तुझा,
शालीकराम


नवेगाव बांध,
ता. १ सप्टेंबर १९३६

प्रिय शालीक,

तुझी जीभ एकदा धक्क्यावरच्या काट्यावर ठेवून बघ, काही वजन भरणार नाही. मंडईपर्यंत बांधी होऊन जाईल म्हणे. ती काय झाडाला लागते?

तू गाव सोडून फार दिवस झाले, म्हणून तुझ्याच गावची रीत तुला पुन्हा सांगतो. पाणकराला गावात शेत नसावं आणि सोयरा नसावा. आपण लहान असताना वरची आळी आणि खालची आळी पाण्यावरून फावडी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली होती, आठवतं? तेव्हा तुझे वडील, बकारामकाका, मध्ये उभे राहून म्हणाले, "त्या छत्तीसगढ्याले बसवा तुडुमावर. त्याचं ना शेत, ना सोयरा. तो कायले कोनाचा पक्ष घेईल?" तो छत्तीसगढ्या म्हणजे माझे वडील, ददा लालसिंग. मरेपर्यंत ते ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे. त्यांच्या मागे गावानं मला बसवलं. खळ्यावर प्रत्येक जण सुपानं धान घालतो, त्यावर माझं बरं चालतं. शेत घेतलं की तुडूम गेलं. तुडूम गेलं की मी कोण?

पण तुझ्यापाशी खोटं कशाला लिहू? माझा जन्म इथला. तुझ्याबरोबर याच तलावात पोहायला शिकलो. तरी मंडईच्या जेवणात मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवतात. मानानं बसवतात, आधी वाढतात. मला मात्र तुझ्या मांडीला मांडी लावून, सगळ्यांच्या मागून वाढलेलं, थंड झालेलं जेवायचं असतं. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही.

तेव्हा जमादारांना माझा नमस्कार सांग आणि विषय मिटव. तिनं काय विचारलं ते मला ऐकायचं नाही. तरी लिहिलंस तर वाचीन.

तुझा,
केवलराम


गोंदिया,
ता. १२ सप्टेंबर १९३६

प्रिय केवल,

वाचशील ना? मग वाच. तिनं विचारलं, "उनके गांव में सबसे आखरी खेत में पानी पहुंचता है क्या?"

आमची शेतं वरच्या अंगाला, शेवटी काय होतं ते मी कधी जाऊन पाहिलं नाही. रामलाल जमादार म्हणाले, हिच्या आज्याचं शेत तिकडे छत्तीसगढात पाटाच्या टोकाला होतं. पाणी वाटणाऱ्याचं शेत वर होतं. वरच्यांची पोटं भरली आणि टोकाचे लोक गाठोडी बांधून छोट्या लाइनीवर आले. तिनं हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे की कोणतंही गाव म्हटलं की तिला आधी शेवटचं शेत आठवतं.

मुलगी तुझ्याच जातकुळीची आहे, गड्या. मी जातीबद्दल बोलत नाही.

आणि ऐक, मी हात बांधून बसलेलो नाही. बाबांना पत्र टाकलं आहे की माझ्या वाटणीची तुडुमाखालची बांधी केवलरामला द्या. गावातली सगळ्यात चांगली जमीन, पाणी सुटलं की पहिलं तिथं. आता मला शिव्या देऊन दाखव.

तुझा,
शालीकराम


नवेगाव बांध,
ता. ३ ऑक्टोबर १९३६

शालीक,

देतो शिव्या. बसून ऐक.

काकांना वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांनी तुझं पत्र मास्तरांकडून चावडीवर वाचून घेतलं. सगळं गाव बसलं होतं. "तुडुमाखालची बांधी" एवढं ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. दुलीचंदचं शेत खालच्या अंगाला, तो सगळ्यात आधी उठला. "हे असं होऊन राहिलं का? पाणी वाटनार हा, अन् पयलं पिनारही हाच?" मी सांगितलं की मी काही मागितलेलं नाही. काका म्हणाले, "नाई मागितलं तं त्यानं काऊन लिहिलं?"

काकांनी निकाल दिला. शेत पाहिजे तर तुडुमाचं काम सोडून दे, तुडूम पाहिजे तर शेताचं नाव काढू नको.

तेव्हापासून मी तुडूम उघडायला गेलो की चार माणसं पाळीवर येऊन उभी राहतात. उशिरा पिकणारं भारी धान गर्भात आलं आहे, कणसं फुटायची आहेत, पाण्याचे दिवस आहेत. इतकी वर्षं माझ्या मागे कोणी उभं राहिलं नाही. दुलीचंद जाताना म्हणाला, "छत्तीसगढ्या तो छत्तीसगढ्याच." मला फार वाईट वाटलं. ददा असते तर त्यांनी तिथेच तुडुमाच्या तोंडाचा दट्टा खाली टाकून काम सोडलं असतं. मी सोडलं नाही, कारण धान तहानलं होतं.

जमादारांना सांग की जमणार नाही. आणि रुख्माबाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सांग. खोटं सांगू नको. आमच्या गावात शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही. दुलीचंदच्याही खाली एक तुकडा आहे, मालगुजाराचा. पाणी तिथवर जात नाही म्हणून तो पडीत आहे. मी पाटावर खेटे घालून थकलो, पण वरचे लोक आपल्या बांधीचं तोंड वेळेवर बुजवत नाहीत आणि मला त्यांच्याशी भांडायला हक्क नाही, कारण माझं तिथं काही नाही.

केवलराम


गोंदिया,
ता. १६ ऑक्टोबर १९३६

प्रिय केवल,

मी मोठा शहाणा. भलं करायला गेलो आणि तुझ्या पानात माती कालवली. मंडईला आलो की चावडीवर सगळ्यांसमोर माझा कान धर. बाबांना वेगळं लिहिलं आहे. या खेपेला आधी तीनदा वाचून पाहिलं.

तुझं पत्र मी रामलाल जमादारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बात खतम." मी पण उठलो होतो. तेवढ्यात रुख्मा बाहेर आली आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा म्हणाली. मी वाचला. मग ती बापाकडे वळून म्हणाली, "अब तक जितने आए, सबने अपनी खेती बढाके बताई. ये पहला आदमी है जो अपने गांव की कमी बता रहा है." आणि माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली.

जमादार बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही, हेच मी हो समजतो. तिची चिठ्ठी सोबत आहे. मी ती वाचली नाही. म्हणजे एकदाच वाचली.

तुझा,
शालीकराम

(सोबतची चिठ्ठी)

रुख्माकडून नमस्ते.

मला मराठी लिहायची सवय नाही, गलती समजून घ्या.

तुम्हाला वरची बांधी द्यायला निघाले होते, म्हणून लोक बिगडले. ते बरोबर बिगडले. मी असते तर मी पण बिगडले असते. तुम्ही ती पडीत मागा. दुलीचंदजींच्या खालची.

पाणी वाटणाऱ्याचं शेत सगळ्यांच्या शेवटी असलं, तर त्याला आपल्या शेतात पाणी न्यायला आधी सगळ्यांना पाणी पोचवावं लागेल. मग पाळीवर पहारा कशाला पाहिजे? तुमची बांधी बघितली की समजेल. हिरवी, तर सगळे हिरवे. आणि तुम्हाला वरच्यांशी भांडायचा हक्क पण येईल.

पाणी नाही पोचलं, तर पेज पिऊ. पेज मी पिते. बापू म्हणतात लडकी कहां खडी रहेगी. मी शेवटी उभी राहीन. आमच्या घराला सवय आहे.

उत्तर बापूंच्या नावानं लिहा. माझ्या नावानं लिहाल तर पूर्ण गल्ली वाचेल.


नवेगाव बांध,
ता. २९ नोव्हेंबर १९३६

प्रिय शालीक,

मंडईला तुला सुटी मिळाली नाही आणि तुझा कान वाचला. पण जे झालं ते बघायला तू हवा होतास.

मंडईत रात्रीचा दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे पंच बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मला पडीत पाहिजे, दुलीचंदच्या खालची. मग कोणीतरी हसलं. बकारामकाकांनी विचारलं, "त्या खडकात काय पेरशील बे? तिथं तं पानीच जात नाही." मी म्हटलं, म्हणूनच मागतो. आणि चिठ्ठीतलं सगळं सांगितलं, कोणी लिहिलं ते सोडून.

काका सुपारी कातरू लागले. सगळ्यात आधी दुलीचंदच उठला. म्हणाला, "देऊन टाका. याच्या बांधीत पानी जायचं असंल तं माझ्या बांधीतूनच जाईल नं?" खालची सगळी आळी त्याच्या बाजूनं झाली. वरच्या आळीला काही बोलता येईना. मालगुजारांना तर पडीत मोडून कोणी कसतो म्हटल्यावर बरंच वाटलं. तुडूम माझ्याकडेच राहिलं.

मग काकांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे तुह्या डोस्क्यातलं नोहे. कोनाचं होय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग पोरगी आनून घे लवकर. दुसऱ्या गावानं नेली तं पस्तावशील."

रामलाल जमादार परवा पडीत पाहायला आले होते. देवलगाव स्टेशनापासून बैलगाडीनं आणलं. दगड, पळसाची खुंटं आणि तरोट्याचं रान बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "इसको खेत बोलते हैं?" काकांनी त्यांना घरी नेऊन तलावातली मासोळी आणि भात खाऊ घातला आणि म्हणाले, "जमादार, पोरगा आमचा होय. तुमची पोरगी उपाशी राहिली तं मले विचारा." पोरगा आमचा होय, असं म्हणाले. मी दाराआड होतो.

लग्न वैशाखात. पडीत मोडायला सुरुवात केली आहे. हाताला फोड आले आहेत, म्हणून अक्षर असं आहे.

तुझा,
केवलराम


गोंदिया,
ता. २१ मे १९३७

प्रिय केवल,

लग्न होऊन तुम्ही दोघं गावी पोचलात, इथं मांडव उतरला, आणि रामलाल जमादार रिकाम्या अंगणात बसून सगळ्यांना विचारतात, "नवेगांव की गाडी कब आती है?" मुलगी जाऊन आठवडा नाही झाला.

तू अंतरपाटापुढे तोंड करून उभा होतास. तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि गावातलं कोणी तुला नीट सांगणारही नाही, म्हणून मी लिहितो.

अंतरपाट धरायचा हे बाबांनीच ठरवलं. जमादार म्हणत होते अग्नीभोवती फेरे, भांवर, होतील, बाबा म्हणाले भांवर पण करा, पण आमच्या गावचा नवरदेव मंगलाष्टकाशिवाय उभा राहत नसतो. ते दोन्हीवर मिटलं. मग जमादारांच्या भटजींनी विचारलं, "लडके का मामा कौन?" नवरदेवाच्या मागे मामा उभा लागतो. तुझा मामा छत्तीसगढात, आहे की नाही तेही माहीत नाही. बाबा पुढे झाले आणि दोन पावलं टाकून तिथेच थांबले. म्हणाले, "मी मामा झालो तं सोयरा झालो. उद्या लोक म्हनतील, भाच्यानं मामाच्या बांधीत जास्त पानी सोडलं."

दुलीचंद म्हणाला, "मंग मी राहतो उभा."

"तुले काऊन? तुह्या बांधीत जाईल मंग," वरच्या आळीतलं कोणी ओरडलं.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नको. इकडे भटजी मुहूर्त चालला म्हणून घाम पुसत आहेत आणि तिकडे वरची आळी म्हणते आमचा मामा, खालची आळी म्हणते आमचा. एके काळी हेच लोक फावडी घेऊन पाण्यावरून भांडले होते. आता तुझ्यावरून भांडत होते. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी पण आलं, ते मी शाईच्या हातानंच पुसलं. शेवटी बाबा ओरडले, "सगळेच राहा उभे. सगळ्यायचा भाचा असंल तं कोनाच्याच बाजूचा नाही." आणि छोट्या लाइनीनं आलेलं अख्खं गाव तुझ्या मागे येऊन उभं राहिलं. मांडवाचा एक खांब वाकला. मंगलाष्टकं चालू असताना तुला मागून ढकललं गेलं असेल. ते तुझे मामा होते.

आता एक खाजगी. बिदाईच्या वेळी सगळ्या मुली रडतात. रुख्मावहिनी पण रडली. पण डोळे पुसून तिनं बाबांना काय विचारलं ते मी ऐकलं. म्हणाली, "काकाजी, पडीतचे बांध झाले का?"

तुझा,
शालीकराम


नवेगाव बांध,
ता. २४ ऑक्टोबर १९३७

प्रिय शालीक,

तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, याचा राग धरू नको. पाण्याचे दिवस होते आणि या वर्षी पाणी कमी होतं. आता सगळं सांगतो.

पडीत मोडून आम्ही बांध घातले. मी दिवसा तुडुमावर असलो की रुख्मा एकटी माती ओढायची. खालच्या आळीच्या बायका तिला आधी "गोंदियावाली" म्हणायच्या, मग त्यांच्याच धानाच्या रोवण्याला, लावणीला, ती गेली आणि आमच्या रोवण्याला त्या आल्या. आता कोणाच्या घरी भांडण झालं की तिला बोलावणं येतं, कारण तिला तीन भाषांत भांडता येतं.

धान चांगलं उठलं. पण आश्विनात पाऊस निघून गेला. तलाव खाली जाऊ लागला. मी सगळ्यांना पाळीपाळीनं पाणी दिलं, जसं ददा द्यायचे. कोणाला वाटीभर जास्त नाही, कोणाला कमी नाही. आमची पाळी आली तोवर तलावाचं पाणी तुडुमाच्या उंबऱ्याला टेकलं होतं. दट्टा पूर्ण काढला तरी पाटात बोटभर धार. ती वाटेतच वाळूत मुरत होती. आमचं धान गर्भात होतं आणि पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. मी रुख्माला म्हटलं, पेज प्यावी लागणार. ती म्हणाली, "पिऊ. सबका तो हो गया ना?" पण मी पाहिलं, ती बांधीतल्या भेगांत बोट घालून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो तर बकारामकाका त्यांच्या बांधीत उभे. तीच तुडुमाखालची बांधी, जी तू मला देत होतास. फावड्यानं ते स्वतःच्या बांधाची माती काढत होते. बांधीतलं साठलेलं पाणी खाली जाऊ लागलं. मी धावलो. म्हटलं, काका, हे काय करून राहिले, धान उघडं पडेल. ते म्हणाले, "गुडघाभर हाये. घोट्याएवढं बस होते." त्यांच्या खालच्यानंही आपला बांध फोडला होता, त्याच्या खालच्यानंही. बांधीतून बांधीत पाणी उतरत होतं. दुलीचंद तर कमरेला धोतर खोचून वाटच पाहत होता.

मी म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पाणकरानं सांगितल्याशिवाय कोणी बांध फोडत नाही.

काका म्हणाले, "आज तू पानकर नोहेस, केवल. आज तुह्या पाळीचं पानी हाये. कास्तकारासारखा जा आपल्या बांधीत अन् उभा राय. पोचलं का सांग."

तुला माहीत आहे, पाणी सोडलं की मी वर असतो आणि खालच्या आळीच्या शेतातून पाणी पोचल्याची हाक येते तोवर तुडूम उघडं ठेवतो. इतकी वर्षं मी ती हाक ऐकत आलो. स्वतः कधी दिली नव्हती. द्यायला शेत नव्हतं.

मी खाली गेलो. रुख्मा बांधावर होती. दुलीचंदच्या बांधातून आधी फेस आला, मग काडीकचरा, मग पाणी. भेगांत शिरताना त्याचा आवाज होत होता. बघता बघता धानाची सगळी बुडं ओली झाली. दुलीचंद म्हणाला, "काऊन गप बसला? हाक दे नं." मी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. खरंच निघेना, शालीक. मी नुसता उभा राहिलो आणि रडायला लागलो, सगळ्या खालच्या आळीसमोर.

मग रुख्मानंच हाक दिली. "पोचलं."

दुलीचंदनं ती वर दिली, त्याच्या वरच्यानं आणखी वर. थोड्या वेळानं वरून, माणसामाणसातून उतरत, काकांचा प्रश्न खाली आला. शेवटी तो दुलीचंदनं आम्हाला विचारला, "काका विचारून राहिले, कोनाच्या बांधीत पोचलं?"

आणि या वेळी मला आवाज आला. मी ओरडलो, "माझ्या."

तुझा,
केवलराम